उचलता येईल असं झाकण

"मोरीवरचं लाकडी झाकण फुगून अडकलंय, नवीन करून द्या," एवढाच निरोप होता. गेलो तर न्हाणीघरात पाऊल बुडेल इतकं पाणी उभं, आणि घरातली मंडळी फरशी फोडून पाइप बदलायच्या तयारीत. मी म्हटलं, आधी झाकण काढू, मग फरशीचं बघू.

झाकण निघता निघेना. जाड सागवानी फळ्या जोडून केलेलं, चारही बाजूंनी घट्ट बसवलेलं, पाणी जायला पाच-सहा भोकं आणि वरून चकचकीत वार्निश. वास येऊ नये म्हणून फट मुद्दामच ठेवली नव्हती. लाकूड पाणी प्यायलं की रेषेच्या आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कोरडं असताना बसवलेलं ४० सेंटीमीटर रुंदीचं झाकण रोज भिजायला लागलं की ५-७ मिलिमीटर सहज वाढतं. वाढायला जागाच नसेल तर ते आवळून बसणार. पटाशी घालून उचकटलं असतं तर कडेच्या टाइल्स फुटल्या असत्या, म्हणून मधून करवत चालवून दोन तुकड्यांत काढलं. खालची बाजू काळी पडली होती, नख रुतत होतं. वार्निश फक्त वर होतं. पाणी खालून आणि फळ्यांच्या टोकांतून शिरत राहिलं आणि वरच्या थरामुळे लाकडाला धड वाळताही आलं नाही.

खाली नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीच्या तोंडाशी थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या वाटीच्या, जाळीवर केस आणि साबणाचा बोटभर थर साचला होता. तो काढला आणि सगळं पाणी घरघर करत निघून गेलं. पाइपला काही झालंच नव्हतं. झाकण उचलता येत नव्हतं म्हणून जाळी साफ होत नव्हती.

"पण फटी ठेवल्या तर वास येईल ना?" घरातल्या ताईंनी विचारलं. ही समजूत मला बऱ्याच घरांत भेटते. वास झाकण अडवत नाही, ट्रॅपच्या वाटीत उभं राहणारं पाणी अडवतं. मोरी बरेच दिवस वापरात नसेल तर ते पाणी आटतं आणि वास येतो. तेव्हा तांब्याभर पाणी ओतायचं.

एवढ्यात आजी काठी टेकत दारात आल्या. संधिवाताने बोटं वाकलेली. "मला उचलता येईल असं कर बाबा. दिवसभर घरात मीच असते." पुढच्या कामाचं प्रत्येक माप मी या वाक्यावरून ठरवलं.

खड्डा ४० बाय ३० दिसत होता, पण कर्ण मोजले तर सारखे भरेनात. अशा जागी नुसती लांबी-रुंदी लिहून नेण्यात अर्थ नसतो. पुठ्ठा खड्ड्यात बसेपर्यंत कापत गेलो आणि तोच साचा घेऊन आलो. कडेच्या खाचेची खोली २२ मिलिमीटर होती. पट्ट्या २० च्या आणि खाली रबराच्या २ मिलिमीटरच्या गाद्या घेतल्या, म्हणजे वर फरशीशी समपातळी, ठेच लागायला नको.

एकच मोठं झाकण करण्याऐवजी दोन भाग केले. प्रत्येक भाग किलोच्या आत. पट्ट्या मुरलेल्या सागाच्या, ३० सेंटीमीटरच्या बाजूला समांतर, आणि दोन पट्ट्यांत ६ मिलिमीटर फट. काठीचं रबरी बूड त्यात अडकत नाही, लहान मुलाचं बोटही नाही. पट्टीच्या कडा रंध्याने खालच्या दिशेला किंचित तिरक्या केल्या. त्यामुळे फट वर अरुंद आणि खाली रुंद होते. वरून जे शिरेल ते मध्ये न अडकता खाली पडतं. ही तिरकस कड पटकन नजरेत भरत नाही, पण माझ्या मते सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची. खालच्या आडव्या दांड्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी खालूनच आवळल्या. साधा लोखंडी स्क्रू ओल्या सागात काळे डाग पाडतो आणि पुढे गंजून तुटतो. भोवताली तीन-तीन मिलिमीटर जागा सोडली.

वार्निश अजिबात नाही. जवसाचं तेल पातळ करून पाजलं, पट्ट्यांच्या टोकांना तर ती प्यायची थांबेपर्यंत. (तेलाचे बोळे चुरगाळून एकत्र टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.)

दोन भाग जिथे भेटतात तिथे समोरासमोर अर्धगोल खाचा कोरल्या, म्हणजे मध्ये तीन बोटांचं लांबट भोक तयार होतं. बसवल्यावर आजींना स्टुलावर बसवलं. त्यांनी बोटं घातली, झाकण उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "काठ टोचतो." मला हाताला टोचत नव्हता, पण त्यांचं बोट सरळ आत जात नाही, ते कडेवर वाकून टेकतं. कानस घेऊन खालचा काठ आणखी गोल केला, पॉलिश पेपर मारला, परत तेल लावलं. त्यांनी पुन्हा उचललं, या वेळी भिंतीपर्यंत नेऊन उभं केलं.

खड्डा वाकडा असल्याने दोन्ही भाग आपापल्या जागीच बसतात. म्हणून एकाच्या दांडीवर खालून एक खाच पाडली, दुसऱ्यावर दोन. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना कळेल. शेवटची आंघोळ झाली की दोन्ही भाग उभे करून वाळू द्यायचे, जाळी तेव्हाच साफ करायची आणि लाकूड कोरडं, पांढुरकं दिसू लागलं की पुन्हा तेल पाजायचं, एवढं ताईंना सांगितलं. जाळी साफ करायचं काम मात्र आजींनी स्वतःकडे घेतलं.