प्रश्न मला होता

डॉक्टरांनी विचारलं, "महिन्यातले किती दिवस डोकं अजिबात दुखत नाही?" मी तोंड उघडायच्या आत हे बोलून गेले, "अधूनमधून दुखतं हो तिचं. उन्हाचा त्रास." कालपासून तेवढंच डोक्यात घोळतंय.

चष्म्याचा नंबर झाला, सायनस झालं, पित्त झालं, तेव्हा कुठे सोलापुरातल्या रेल्वे लाईन्स भागातल्या या न्यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली. बाहेर अक्कलकोट, बार्शीकडून आलेली माणसं ताटकळत बसलेली. इतकं करून आत गेले, तर माझं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून सांगून झालं. खुर्चीत बसल्या बसल्या रडू फुटेल असं वाटलं.

यांना तरी कुठून कळणार म्हणा. दुपारी खिडकीला जाड चादर लावून, कपाळाला फडकं आवळून मी पडलेली असते, तेव्हा हे दुकानात. घरी येतात तोवर भाकऱ्या झालेल्या असतात. पण इतक्या वर्षांत एकदा विचारावं ना! सासूबाईंचं तर... जाऊ दे.

डॉक्टरांनी यांचं उत्तर लिहिलंच नाही. पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग मी म्हटलं, "तसा दिवस आठवत नाही." हे एकदम गप्प.

पुढे डॉक्टर शांतपणे बोलले. 3 महिन्यांहून जास्त काळ महिन्याला 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखतं आणि त्यातले निदान 8 दिवस मायग्रेनचे असतात, तेव्हा तो जुनाट मायग्रेन. पर्समधली गोळ्यांची पट्टी बघून म्हणाले, साधी वेदनाशामक गोळी महिन्याला 15 दिवस, एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली 10 दिवस, अशी महिनोन्‌महिने पोटात जात राहिली की त्या गोळीनंही डोकं दुखत राहतं. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, हातापायांची ताकद पाहिली; एमआरआयची गरज नाही म्हणाले. रात्रीची एक गोळी दिली, गुण यायला काही आठवडे लागतील. आणि रोज ठरल्या वेळी झोप.

झोप! आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री-अपरात्री. हंडे, टाकी, मोटर, सगळं माझ्याकडे. ते मात्र मी स्पष्ट सांगितलं.

येताना सात रस्त्याच्या सिग्नलला हे म्हणाले, "पाण्याला मी उठत जाईन." पुढे काही नाही. मला वेगळं काही ऐकायचं होतं, पण ते यांना जमायचं नाही. अपरात्री उठून पाणी भरतो म्हणाले, हे मला पुरेसं आहे. खरंच आहे.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलीय. दुखणं किती वाजता सुरू झालं, किती वेळ राहिलं, गोळी घेतली का, झोप किती झाली. ती मीच लिहिणार. पुढच्या खेपेलाही यांनाच सोबत नेईन, पण बोलेन मी.