गेटचा कॅमेरा फक्त रात्रीच जातो तेव्हा

कोथरूडच्या घराला चार सीसीटीव्ही कॅमेरे. दोन मेगापिक्सेलचे, अ‍ॅनालॉग एचडी. चार चॅनेलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एक एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून कॅमेऱ्यांना देणारा डबा) आणि सगळीकडे थ्री प्लस वन केबल (तीन साध्या तारा आणि चित्रासाठी एक कोअ‍ॅक्स). पावसाळ्यात गेटवरच्या कॅमेऱ्याने दोन खोड्या सुरू केल्या. अंधार पडला की चित्रावर पांढरट धूर, आणि थोड्या वेळाने चित्रच गायब. मग येतं, परत जातं. दिवसा मात्र नंबरप्लेट वाचता येईल इतकं स्वच्छ. कॅमेरे बसवणाऱ्याने फोनवरच निकाल दिला, "कॅमेरा गेला, नवीन टाका."

दिवसा ठणठणीत चालणारा कॅमेरा सहसा गेलेला नसतो. रात्री त्यात दोनच गोष्टी बदलतात: आयआर (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचे) एलईडी पेटतात आणि लेन्समागची फिल्टरची काच सरकते. म्हणून शोध तिथूनच सुरू केला.

धुराचं काम दहा मिनिटांचं होतं. एलईडीच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि जाळं नेमकं लेन्ससमोर विणतो. लेन्सपासून बोटभर अंतरावरचा एकेक धागा आयआरमध्ये दोरखंडासारखा चमकतो. मऊ ब्रशने जाळं काढलं, काच आधी ओल्या मायक्रोफायबरने आणि मग कोरड्याने पुसली. कोरडं फडकं आधी घासलं तर धुळीचे ओरखडे उठतात आणि तेच पुढे कायमचा धूर होतात. डोम कॅमेरा असेल तर लेन्सभोवतीचा फोमचा रिंग आतून कव्हरला टेकलाय ना ते बघा. तो सरकला की एलईडीचा उजेड कव्हरच्या आतूनच परतून लेन्समध्ये शिरतो. पांढरी भिंत किंवा छज्जा फ्रेमच्या कडेला येत असेल तरीही असंच होतं. अशा वेळी कॅमेरा थोडा वळवावा.

चित्र जाण्याचं दुखणं मात्र वेगळं निघालं. आधी डीव्हीआरवर दोन बीएनसींची (चित्राच्या केबलच्या टोकाच्या पिनांची) अदलाबदल केली. बिघाड कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेला, म्हणजे डीव्हीआर सुटला. मग मल्टिमीटर. इथे बहुतेकांची चूक होते: डीसी पिन (कॅमेऱ्याला वीज देणारी) काढून मोजतात आणि १२ व्होल्ट बघून समाधान मानतात. पिन काढली की करंटच वाहत नाही, मग व्होल्टेज पडणार कुठून? मोजायचं ते कॅमेऱ्याच्या टोकाला, कॅमेरा चालू असताना, एलईडी पेटवून. त्यासाठी रात्री शिडीवर चढायची गरज नाही. भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं फडकं धरलं की त्याला रात्र झाल्यासारखी वाटते. एसएमपीएसवर १२.०. गेटवर दिवसा ११.०. फडकं धरताच ९.७, आणि कॅमेरा बंद. बंद झाला की एलईडी विझतात, व्होल्टेज चढतं, तो पुन्हा सुरू होतो, एलईडी पेटतात, पुन्हा पडतो. रात्रभर हीच शिवणापाणी.

अंतर २५ मीटर. केबलची एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी: तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट. वर तार बारीक, आणि करंटला जायचं-यायचं मिळून ५० मीटर. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअरच्या आसपास घेतो, एलईडी पेटल्यावर ०.४५ च्या पुढे. म्हणजे तारेत वाया जाणारं व्होल्टेजही दुपटीहून जास्त.

केबल बदलायची तर भिंत फोडा. त्यापेक्षा थ्री प्लस वनमधली तिसरी तार बहुधा मोकळीच असते (ती माइकसाठी). ती दोन्ही टोकांना विजेच्या काळ्या (निगेटिव्ह) तारेला जोडली. एका बाजूचा रोध निम्मा झाला, एकूण घट पाव भागाने कमी. मग एसएमपीएसवरचा व्होल्टेजचा छोटा स्क्रू इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने फिरवून १२.८ केलं. १३ च्या वर नेऊ नका, जवळच्या कॅमेऱ्यांना तेच व्होल्टेज जवळपास पूर्ण पोचतं. आणि शेजारीच २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, हात सांभाळून. फडकं धरून पुन्हा मोजलं: ११.१. अंतर ४० मीटर असतं तर हा जुगाड पुरला नसता, गेटजवळ वेगळा अ‍ॅडॅप्टर लागला असता.

गेटवरची बीएनसी उघडली तेव्हा आत हिरवा कळंक. पाणी केबलच्या मधल्या तारेभोवती विणलेल्या जाळीतून वर चढतं, म्हणून नुसती बीएनसी बदलून भागत नाही. चकचकीत तार दिसेपर्यंत, माझ्या बाबतीत चार इंच, केबल कापावी लागली. जोडताना जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागू देऊ नका, नाहीतर चित्रात मुंग्या आलेल्या दिसतात किंवा ते येतच नाही. बीएनसी, डीसी पिन आणि चार बाय चारचा प्लास्टिक बॉक्स पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतो. गाडी मात्र लांबच लावून जा.

याच ओघात बाकीचे कॅमेरेही बघून घेतले. दिवसा झाडं गुलाबी दिसत असतील तर आयआर फिल्टर अडकलेला असतो. कॅमेरा बंद-चालू करून 'टक' आवाज येतो का ऐका. ट्यूबलाइटखाली पट्टे सरकत असतील तर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचं ५० करा. तिरप्या रेघा दिसल्या तर केबल विजेच्या तारेबरोबर एकाच पाइपमधून नेलीय का, किंवा कॅमेऱ्याचं धातूचं अंग लोखंडी खांबाला टेकतंय का ते तपासा. मध्ये प्लास्टिकचा तुकडा घातला तरी बऱ्याचदा रेघा जातात. आणि फक्त मोबाइलवरच धूसर दिसत असेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका, अ‍ॅपमध्ये सबस्ट्रीमऐवजी (कमी दर्जाचं चित्र) मेनस्ट्रीम (पूर्ण दर्जाचं) निवडा.

सगळे जॉइंट आता बॉक्सच्या आत आहेत. केबल खालून वर आत शिरते, बाहेर तिला एक झोळ दिलाय म्हणजे पागोळीचं पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकतं, आणि बॉक्सच्या तळाला एक बारीक भोक.