बेंजो पार्टी

"काका, बेंजो आता कीबोर्डातच असतो. बटण दाबलं की झालं."

काल शेजारच्या गल्लीत हळद होती. वाजवणाऱ्या पोराला सहज विचारलं, तुमचा बेंजो कुठाय? तर हे उत्तर. वर हसून पुढचं गाणं सुरूही केलं पठ्ठ्याने.

आमच्या चाळीच्या पार्टीत बेंजो माझ्याकडे असायचा. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात पत्ती आणि कर्ण्यातून निघणारा तो चिरका, नाकातला आवाज. तार तुटायची तीही विसर्जनाला, नेमकी कोळीगीताच्या ऐन रंगात. मी पक्कड शोधेपर्यंत ताशावाला एकटा खिंड लढवायचा. मानधन म्हणाल तर वडापाव आणि परतीचं भाडं. तेही मंडळाचा खजिनदार सापडला तर!

गंमत म्हणजे हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी बनवलेलं ताइशोगोतो. लालबाग-परळात मात्र ते कुणाला कधी परकं वाटलं नाही.

पोरगा वाजवत छान होता, वादच नाही. पण आवाज फार गुळगुळीत. तारेवर पत्ती घासल्याची ती खरखर कुठून आणणार?

कुणाच्या माळ्यावर जुना बेंजो पडलाय का? तारा मी आणतो.