ज्वारीचा इंजेरा : चौथी नोंद, नागपूरच्या बुफेनंतर

इंजेरा म्हणजे इथिओपियातली आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार पोळी. पहिल्या तीन प्रयत्नांत माझा ज्वारीचा इंजेरा एकदा खापराला चिकटून बसला, एकदा पापडासारखा तडकला आणि तिसऱ्यांदा जाड घावनासारखा झाला. मूळ इंजेरा मी कधी चाखलेलाच नसल्यामुळे या तिघांपैकी सर्वांत कमी चुकलेला कोणता, हे मात्र मला सांगता येत नव्हते. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी मी आणि माझे मेहुणे समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या एस.टी.ने नागपूरला गेलो. तेथील एका हॉटेलात रविवारी दुपारी भारतीय आणि आफ्रिकी पदार्थांचा एकत्र बुफे मांडतात, असे कळले होते. माणशी ५५० रुपये ऐकून मेहुण्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, पण बोलले काही नाहीत.

मांडणीत दोन प्रकारची सरमिसळ होती आणि त्यांतला फरक पहिल्या घासालाच कळत होता. एक सरमिसळ जुनी. पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले गेले, आणि व्यापारासाठी गेलेली गुजराती कुटुंबेही त्या किनाऱ्यावर स्थिरावली. त्यांच्या स्वयंपाकघरांतून नारळाच्या दुधातली कोंबडी म्हणजे ‘कुकू पाका’ आणि तिखट-लिंबू लावलेले ‘मोगो’चे तळलेले तुकडे पुढे आले. मोगो म्हणजे ज्याच्या पिठूळ रसापासून आपला साबुदाणा करतात तोच कंद. हे दोन्ही पदार्थ उत्तम होते. दुसरी सरमिसळ बहुधा मेन्यू छापताना सुचलेली असावी : ‘बर्बेरे पनीर टिक्का’ नावाच्या पदार्थात बर्बेरे या इथिओपियन मसाल्यातली मेथी, वेलची, सुंठ यांपैकी काहीही जाणवत नव्हते, नुसती लाल मिरची तेवढी होती.

खरी करमणूक झाली ती ‘शिरो’ लिहिलेल्या भांड्यापाशी. मेहुण्यांनी ते नाव ‘शिरा’ असे वाचले, रंग पाहून गुळाचा असावा असे ठरवले आणि शेवटी खायचा म्हणून वाटीभर बाजूला काढून ठेवला. जेवण संपताना पहिला चमचा तोंडात घातल्यावर ते थबकले आणि म्हणाले, “भाऊजी, हा शिरा नाही, हे त आपलं बेसन हाय!” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. शिरो म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा इतर कडधान्यांच्या मसालेदार पिठाचे पातळ कालवण. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी दूधदुभत्यासह सगळे प्राणिज पदार्थ वर्ज्य करतात, त्यामुळे असे डाळी-पिठांचे पदार्थ तिकडे भरपूर आहेत. आपल्या बेसनात कांदा तेलात परतलेला असतो आणि तो दाताखाली येतो. या शिरोत मात्र कांद्याचा एकही तुकडा सापडत नव्हता, कारण तिकडच्या रीतीनुसार बारीक चिरलेला कांदा आधी तेलाशिवाय, नुसत्या पाण्याच्या हबक्यांवर, पार विरघळेपर्यंत शिजवतात. घरी येऊन मी चार कांद्यांवर हे करून पाहिले. मंद आचेवर चाळीस मिनिटे लागली, आणि त्या बेसनाला साखर न घालता जो गोडवा आला तो आमच्या घरी कोणालाच ओळखता आला नाही.

इंजेराने मात्र निराशा केली. ट्रेमध्ये गुंडाळ्या करून ठेवलेल्या पोळ्या मऊ होत्या, पण दोन्ही बाजूंनी डागलेल्या होत्या. इंजेरा उलटायचा नसतो. तो एकाच बाजूने, झाकणाखालच्या वाफेवर शिजतो आणि वरच्या बाजूला जाळी पडते. तिकडे त्या भोकांना ‘डोळे’च म्हणतात. या पोळीला डोळे मोजकेच होते, आंबटपणा अजिबात नव्हता आणि मागाहून जिभेवर सोडा राहत होता. आचाऱ्याला विचारले तेव्हा त्याने मोकळेपणाने सांगितले की, आंबट पोळी गिऱ्हाइके ताटात तशीच सोडतात, म्हणून रवा-मैद्यात सोडा घालून तो दोन तासांत काम उरकतो. त्याची अडचण मला पटली, परंतु चवीचा पल्ला ठरवण्यासाठी केलेली फेरी त्या बाबतीत वाया गेली. एवढे समाधान मिळाले की, माझ्या तिसऱ्या प्रयत्नाची जाळी याहून बरी होती.

आता चौथा प्रयत्न. इंजेराचे मुख्य धान्य टेफ. ते आपल्याकडे सहजी मिळत नाही, पण ज्वारीचाही इंजेरा तिकडे करतात आणि ज्वारीचे मूळ घर ईशान्य आफ्रिकाच आहे. आमच्या शिवारात सोयाबीन आणि कपाशीने ज्वारी जवळजवळ हद्दपार केली आहे. आम्ही घरापुरती अर्धा एकर पेरतो आणि त्यातली बरीच पाखरे नेतात. त्या ज्वारीचे अर्धा किलो ताजे पीठ पाण्यात कालवून त्यात मागच्या खेपेचे विरजण, म्हणजे आंबलेल्या पिठावर साचणारे पिवळसर पाणी, घातले आणि गंज गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवला. थंडीमुळे चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी वरचे पाणी निथळून घेतले, वाटीभर पीठ तीन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळून चकाकी येईपर्यंत शिजवले, बोट सोसवेल इतके निवाल्यावर पुन्हा गंजात मिसळले. भाकरीसाठी पिठाला चिकी नसली की आपण उकड काढतो, त्यातलाच हा प्रकार आहे आणि मागच्या तिन्ही वेळा मी नेमका तोच गाळला होता. दोन तासांनी पीठ बुडबुडे धरून वर आले.

खापराला चिकटू नये म्हणून तेलाऐवजी वाटलेले कारळे फडक्यात बांधून फिरवावेत, ही कल्पना सौभाग्यवतींची. कारळ्यांच्या शास्त्रीय नावातच अबिसिनिया, म्हणजे इथिओपियाचे जुने नाव, आहे आणि इथिओपियात ते तेलबी म्हणून पिकवतात, हे मी त्यांना सांगितले. त्यावर, “मग चिकटणार नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. खरोखरच चिकटला नाही. पीठ कडेकडून गोल ओतत मध्याशी आणले, डोळे उघडू लागताच टोपल्याएवढे झाकण ठेवले आणि दीड मिनिटाने पोळी अलगद सुटली. मध्यभागी दाट जाळी होती, घडी घातली तरी मोडली नाही. मात्र कडेचा चार बोटे पट्टा डोळ्यांविना राहिला, कारण चुलीचा जाळ खापराच्या मध्यावरच लागतो. पुढच्या वेळी लाकडे मध्ये न सारता कडेने पसरून पाहणार आहे, आणि चौथाई पीठ नाचणीचे घेणार आहे. दरम्यान, पिवळ्या पाण्याची बाटली दोनदा शिळी कांजी समजून मोरीत जाता जाता वाचल्याने, तिच्यावर ‘फेकू नये’ अशी चिठ्ठी डकवली आहे.