सेकंदाचा पंधरावा भाग

मेणबत्तीच्या उजेडात घरच्या माणसाचा फोटो काढायचा, तर आधी फ्लॅश बंद करावा लागतो आणि मग पंखा. फ्लॅशचे कारण सगळ्यांना ठाऊक असते. पंख्याचे मात्र पहिले पाच-सहा फोटो वाया गेल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण ज्योत हलली की नाकाची सावली गालभर नाचते.

हा उजेड मुळात किती तुटपुंजा असतो, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही. एक मेणबत्ती एक मीटरवरच्या चेहऱ्याला जेमतेम एक लक्स (उजेड मोजायचे एकक) प्रकाश देते. कार्यालयातल्या टेबलावर तो पाचशेच्या आसपास असतो. डोळे काही मिनिटांत सरावतात, कॅमेरा सरावत नाही. मात्र तीच मेणबत्ती अर्ध्या मीटरवर आणली की उजेड चौपट होतो, म्हणजे आणखी तीन मेणबत्त्या न लावताच चार लावल्याचे फळ मिळते. (मोकळे केस आणि सैल बाह्या तेवढ्या सांभाळाव्यात.) एवढे करूनही माझ्या एफ १.८ च्या लेन्सने (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे) आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० वर ठेवून शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात माणूस सहज हलतो. स्टॅन्ली क्युब्रिक या दिग्दर्शकाने १९७५ सालच्या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्ये टिपली, ती मुळात नासासाठी बनवलेल्या एफ ०.७ च्या झाइस लेन्सने. ती माझ्या लेन्सच्या साडेसहा पट प्रकाश आत घेते. असूया वाटावी असाच हा आकडा आहे.

कॅमेऱ्याचा आगाऊपणा ही आणखी एक अडचण. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. ज्योतीच्या रंगाचे तापमान सुमारे १९०० केल्विन, दिवसाच्या उजेडाचे साधारण ५५००. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोतले रंग जुळवणारी सोय, ऑटोवर असला की कॅमेरा हा पिवळेपणा दोष समजून धुऊन काढू लागतो आणि ज्या रंगासाठी दिवे मालवले, तोच फिका पडतो. मी तो हाताने ३००० च्या आसपास ठेवतो.

हे सगळे जुळवून एका रात्री मी आईला समोर बसवले. फोटो म्हटला की आई ओळखपत्रासाठी बसावे तशी ताठ होते. “अरे, झालं का? या अंधारात काय दिसणार आहे तुला?” असे ती दर फोटोला विचारत राहिली आणि प्रत्येक फोटोत डोळे स्पष्ट, ओठ मात्र पुसट आले. त्यातच ज्योतीचा पांढराफटक ठिपका चौकटीत घुसत होता, कारण चेहऱ्याला पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत ज्योत फोटोत नुसती पांढरी होऊन जाते. मग मी जवळ सरकलो, त्या हालचालीने ज्योत वाकली आणि ती विझेल म्हणून आईने चटकन तळहात आडवा धरला. ज्योत हाताआड गेली, बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या तांबूस झाल्या आणि तिचा चेहरा एका बाजूने उजळला. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर अशीच ज्योत हाताआड दडवत असे. आजवर मी ती केवळ नाट्यमय युक्ती समजत होतो. त्या क्षणी तिची व्यावहारिक सोय कळली. आईचे सगळे लक्ष मेणबत्तीकडे होते, त्यामुळे ती ताठ बसायचे विसरली होती आणि मुख्य म्हणजे बोलत नव्हती. मी श्वास सोडून शटर दाबले.

फोटो दाखवला, तेव्हा तिने तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. “माझी बोटं एवढी लाल कुठे आहेत रे?” एवढेच ती म्हणाली आणि उकडतंय म्हणत उठून तिने पंखा लावला.