रिलिंक्विश आणि आत्याचं हक्कसोडपत्र

गेल्या महिन्यात आत्याबरोबर दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेले होते, आजोबांच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांमधला तिचा हिस्सा ती बाबांच्या नावे सोडत होती. वकिलांनी ड्राफ्ट इंग्लिशमध्ये केलेला. नंबर यायला वेळ होता म्हणून आत्या चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचत बसली आणि एका शब्दापाशी अडली, रिलिंक्विश. "रिलीज कळलं गं, पण हे काय?" मी म्हटलं, सोडणे. तर म्हणाली, "अगं मग एकदा सोडलं म्हणून लिहिलंय ना, परत कशाला?"

मला सांगता येईना आणि ते डोक्यातून जाईना, शेवटी रात्री घरी शोधत बसले.

रिलीजच्या मुळाशी लॅटिनमधलं सैल करणं आहे, गाठ ढिली करावी तसं. रिलिंक्विश मात्र रेलिंक्वेरे या लॅटिन क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्लिशमध्ये आला, पंधराव्या शतकात. रे म्हणजे मागे, लिंक्वेरे म्हणजे सोडून जाणं. म्हणजे वस्तू आहे तिथेच राहते, निघतो तो माणूस. म्हणून त्याच घरातला रेलिक म्हणजे मागे उरलेलं. गोव्याच्या बॉम जेझूमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत ना, २०२४ च्या नोव्हेंबरात दर्शनाला काढले होते, त्यांना इंग्लिशमध्ये रेलिक्सच म्हणतात. ओसाड टाकून दिलेली इमारत ती डेरेलिक्ट. आणि ग्रीकमध्ये याच मुळापासून एक्लिप्स, सूर्य आपली जागा सोडून गेला ते ग्रहण.

आणि मग आपलं घर लागलं! हाच धातू संस्कृतात रिच्, लॅटिनमध्ये ल तिथे आपल्याकडे र. त्याच्यापासून रिक्त, अतिरिक्त, आणि आपण रोज म्हणतो तो रिता. इथपर्यंत मी नुसती खूश होते, पण पुढे एक शब्द भेटला त्याने मला झोप येईना. रिक्थ. म्हणजे माणूस गेल्यावर मागे राहिलेली मालमत्ता, वारसा! याज्ञवल्क्य स्मृतीत आहे की आईवडिलांच्या पश्चात मुलग्यांनी रिक्थ आणि ऋण सारखं वाटून घ्यावं. आजोबा जे मागे ठेवून गेले ते रिक्थ, आणि आत्या ज्या शब्दाने ते सोडत होती तो रिलिंक्विश, दोन्ही एकाच मुळाचे, हजारो वर्षं वेगळे फिरून एका स्टॅम्पपेपरवर भेटले.

त्या श्लोकात मुलगेच आहेत हेही मी वाचलं. वडिलांच्या स्वतःच्या कमाईत मुलीला मुलाइतका वाटा कायद्याने लिहून मिळाला तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, वडिलोपार्जितमध्ये बरोबरीने बसायला देशभरात २००५ उजाडलं. तरी आपल्याकडे "बहिणी काय, सही करतातच" असं अगदी सहज म्हणतात, आमच्याही घरात म्हटलं गेलं आणि मला ते फार लागलं. अहो, जे आपलं असतं तेच मागे ठेवून जाता येतं ना? रिलिंक्विश लिहिलंय याचा अर्थच हा की ते तिचं होतं, पूर्ण तिचं, आणि तिने ते दिलं.

मराठीत आपण हक्कावर पाणी सोडलं म्हणतो, दान देताना हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडतात तिथून आलेलं. मला हे जास्त जवळचं वाटतं कारण यात देणाऱ्याचा हात दिसतो. आत्याचा तर मी पाहिलाच. अंगठा मशीनवर उमटेना, भांडी घासून रेषा झिजल्यात, दोनदा पदराला पुसला, तिसऱ्यांदा ऑपरेटरने वरून दाबून धरला तेव्हा कुठे ठसा आला. मग फोटोसाठी तिने केस नीट केले आणि कॅमेऱ्याकडे ताठ बघितलं.

दुसऱ्या दिवशी फोन करून तिला हे सगळं सांगितलं, रिता, रिक्थ, सगळं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपलाच शब्द की गं." आणि मग, "बाबांना सांग, आईचं ताम्हन त्या कागदात कुठे लिहिलेलं नाहीये, रविवारी येऊन मी नेणार आहे."