तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्पॅक्ट की मिररलेस?

कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळच्या त्या नुडीब्रँचचा, म्हणजे समुद्री गोगलगायीचा, फोटो ज्यांनी ज्यांनी पाहिला, त्यांनी एकच विचारलं: "कॅमेरा कोणता, ताई? पाण्याखाली न्यायला कॉम्पॅक्ट घेऊ की मिररलेस?" इतकी वर्षं मी "बजेटवर आहे" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि आता ते द्यायचा मला कंटाळा आलाय.

कॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स कायमची बसवलेला छोटा कॅमेरा, मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा. आधी पैशांचं. मिररलेसच्या बॉडीची किंमत बघून हिशेब करू नका. खरा खर्च हाउसिंगचा, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या पाणीरोधक पेटीचा. ते एकाच मॉडेलच्या मापाचं असतं, बॉडी बदलली की तेही बदलायचं. शिवाय लेन्ससमोरचे पारदर्शक पोर्ट वेगवेगळे: वाइड लेन्सला घुमटासारखा, अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रोला सपाट. आणि लेन्स काय लावायची ते बोटीवरच ठरवावं लागतं. मॅक्रो लावून उतरलात आणि समोर कासव आलं, तर त्याचा डोळा तेवढा टिपायचा. कॉम्पॅक्टच्या हाउसिंगवर वेट लेन्स बाहेरून चढते, पाण्यातच काढता-घालता येते.

मालवण-तारकर्लीला कॉम्पॅक्ट पुरतो. तिथलं पाणी बरेचदा गढूळ, आणि लेन्स ते मासा यांच्यामधलं पाणी कुठलाही मोठा सेन्सर गाळून देत नाही. जवळ जाणं हाच उपाय. ऑलिंपसचा टीजी-६ हा कॉम्पॅक्ट मायक्रोस्कोप मोडमध्ये १ सेंटिमीटरवर फोकस करतो. उरलेले पैसे स्ट्रोबवर, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशवर, घाला. पाच-सहा मीटरखाली लाल रंग फारसा उरत नाही. तो परत आणायचा तर उजेड आपण न्यायला हवा. स्ट्रोब लेन्सपासून बाजूला, लांब धरा, नाहीतर तरंगणारा कण न् कण पांढरा ठिपका होऊन फोटोत येतो. आणि कॅमेरा १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे म्हणून तो नुसता नेऊ नका. ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्यांना १८ मीटरपर्यंत मुभा असते. या कॅमेऱ्याचं ४५ मीटरचं हाउसिंग मिळतं, ते घ्याच.

२०१९ मधली मी हे वाचून चिडली असती. "त्यात शटर स्पीड आपला आपल्याला ठरवता येत नाही," ती म्हणाली असती. टीजी-६ मध्ये नाहीच येत. "वर सूर्याकडे रोखला की उजेडाचा भाग पांढराफटक होतो." तेही खरं. तिला खोडून काढायला माझ्याकडे तांत्रिक मुद्दा नाही. माझ्याकडे फक्त नेत्राणी आहे.

मुर्डेश्वरहून गेलो होतो. दुसरी डाइव्ह, १६ मीटर. माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, माझा भाचा होता, कोर्स झाल्यानंतरची त्याची तिसरीच डाइव्ह. माझ्याकडे मिररलेस, ६० एमएमची मॅक्रो, दोन स्ट्रोब, आणि हाउसिंगच्या मागे नवाच लावलेला ४५ अंशांचा व्ह्यूफाइंडर. त्याला मास्क टेकवला की चौकटीबाहेरचं काही दिसत नाही. त्यासाठीच तो घेतला होता. खडकाच्या कडेला ते नुडीब्रँच दिसलं, नखाएवढं. माझ्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये ११ मिनिटांचं अंतर आहे. ६४ फ्रेम. वेळा कार्डावर नोंदलेल्या आहेत, त्यामुळे मला स्वतःला एका मिनिटाचीही सूट देता येत नाही.

त्या ११ मिनिटांत भाचा माझ्या शेजारी येऊन छातीवर मूठ ठेवून दाखवत होता: हवा कमी आहे. मी पाहिलं नाही. मग त्याने माझ्या पायातली फिन धरून ओढली. ते मला जाणवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, पाण्याच्या ओढीने तो माझ्यावर येतोय, माझी फ्रेम हलवतोय. मी पाय झटकला. त्याने पुन्हा ओढली, मी पुन्हा झटकला. बडीला सोडून एकट्याने वर जायचं नाही, हे त्याला आदल्या रात्री मीच बजावलं होतं, म्हणून तो तिथेच थांबला. शेवटी डाइव्हमास्टरने लांबून त्याची मूठ पाहिली, आपला जादा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला आणि त्याला वर नेलं. त्याच्या सिलेंडरमध्ये हवेचा दाब जेमतेम ३० बार उरला होता. मी मान वर केली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.

बोटीवर तो टॉवेल गुंडाळून बसला होता. "मावशी, आला का फोटो?" एवढंच म्हणाला.

आला होता. तुम्ही पाहिलात तोच.

दोष कॅमेऱ्याचा नाही, हे मला कुणी सांगायला नको. हातात कॉम्पॅक्ट असता तरी मी तशीच वागले असते का? असेनही. पण कॉम्पॅक्टचा स्क्रीन हातभर लांब धरलेला असतो, त्याच्या कडेने शेजारचा माणूस दिसतो. तो मनगटाला लटकवून हात मोकळा करता येतो. मोठा सेटअप दोन्ही हात अडकवतो. आणि एवढे पैसे घातलेत म्हणून फ्रेम सोडवत नाही. हे शेवटचं कारण कबूल करायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

तर उत्तर: फोटो काढतानाही दर मिनिटाला बडीकडे आणि हवा दाखवणाऱ्या गेजकडे मान आपोआप वळायला लागेपर्यंत कॉम्पॅक्ट. त्यानंतर काय, ते माझंच ठरलेलं नाही. नेत्राणीनंतर दोन हंगाम मी फक्त कॉम्पॅक्ट नेला. गेल्या डिसेंबरात मालवणला स्क्विडसारखी एक माकूल माझ्यासमोर अंगावर रंगांच्या लाटा फिरवत थांबली होती. कॉम्पॅक्टने फोकस धरेपर्यंत निघून गेली. मिररलेसने ती मिळाली असती, याची मला खात्री आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. नेत्राणीहून आल्यावरही लागली नव्हती. या दोन रात्री मी एका तागडीत घालते याची मला लाज वाटते, तरी घालते.

मोठं हाउसिंग मी विकलेलं नाही. दर पावसाळ्यात त्याची पाणी अडवणारी ओ-रिंग काढून, केस-धागा चिकटलाय का ते बोट फिरवून बघते, ग्रीसचा पातळ हात देते आणि ठेवून देते. जानेवारीत अंदमानला जायचंय, भाचाही आहे. त्याच्या आता सत्तरेक डाइव्ह झाल्यात. परवा त्यानेच विचारलं, "मावशी, मोठा कॅमेरा घेतेयस ना?"

त्याला मी अजून काही कळवलेलं नाही.